घरसफाईसाठी पहिल्यांदाच कुणाला कामावर ठेवताना

घर साफ करायला कुणाला तरी ठेवायचं ठरलं, की बहुतेकांची चौकशी दोनच प्रश्नांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. किती घेते? आणि विश्वासाची आहे ना? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण ते एकाच बाजूचे आहेत. दुसऱ्याच्या श्रमाचे पैसे आपण द्यायला लागलो की आपण मालक झालो. दुकान नसलं, कारखाना नसला, तरी झालो. मालक म्हणून काही कामं आपल्या अंगावर येतात आणि ती कुणी शिकवलेली नसतात. हा लेख त्या कामांबद्दल आहे.

पुढे मी सगळीकडे ‘ती’ असं लिहिणार आहे. पुरुषही हे काम करतात, पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगभरात सुमारे ७ कोटी ५६ लाख लोक दुसऱ्यांच्या घरात काम करतात आणि त्यांतल्या शंभरातल्या ७६ स्त्रिया आहेत. शंभरातल्या ८१ जणांचं काम अनौपचारिक आहे. म्हणजे आजारपणात, अपघातात, म्हातारपणी कायद्याचा आधार जवळजवळ नाही. आणि इतर पगारदारांना महिन्याला सरासरी १०० मिळत असतील, तर घरकाम करणाऱ्यांना ५६ मिळतात.

माझं मत आधीच सांगून टाकते. आपुलकीच्या आधी अटी ठरल्या पाहिजेत. तोंड भरून कौतुक करणारी, ‘ही आमच्या घरातलीच’ म्हणणारी, पण आजारपणाच्या दिवसाचे पैसे कापणारी घरं पुष्कळ आहेत. वेळच्या वेळी पूर्ण पगार देणारं, सुट्टी न मागता देणारं आणि फारसं न बोलणारं घर काम करणाऱ्या बाईला जास्त परवडतं. आपुलकी जमली तर उत्तमच, पण ती पगाराच्या हिशेबात धरता येत नाही.

पहिली पायरी: कामाची यादी, घड्याळ लावून

कागद घेऊन घरभर फिरा. ‘घर साफ करणं’ हे एक काम नाही, ती पंधरा-वीस कामांची मोळी आहे. केर काढणं, फरशी पुसणं, धूळ पुसणं, जळमटं काढणं, संडास-बाथरूम घासणं, ओटा आणि सिंक, आरसे, पंखे, खिडक्यांच्या काचा, चादरी बदलणं, कचरा बाहेर नेणं. प्रत्येकापुढे रोजचं, आठवड्याचं की महिन्याचं ते लिहा. काय करायचं नाही तेही लिहा. पाळीव प्राण्याची घाण, आजारी माणसाची उलटी, घरातल्या पार्टीनंतरचा पसारा, बागेतला पालापाचोळा या गोष्टी यादीत नसतील, तर त्या गृहीत धरता येणार नाहीत.

मग ती यादी एकदा स्वतः करून बघा. मध्ये फोन न घेता, बसायला न जाता. जो वेळ लागेल तो लिहून ठेवा. आपल्याला घरातलं सगळं ठाऊक असतं, कुठलं फडकं कुठे आहे, कुठला नळ घट्ट आहे. नव्या माणसाला ते माहीत नसतं, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांसाठी त्यात थोडी भर घाला. ‘तासाभराचंच तर काम आहे’ असं आपण ज्याला म्हणतो, ते किती वेळा दोन तासांचं निघतं, हे यातून कळतं. मोलभाव करताना जीभ आपोआप आवरली जाते, हा दुसरा फायदा.

दुसरी पायरी: तासावर की कामावर?

पैसे दोन तऱ्हांनी ठरतात. एक, ठरलेल्या तासांचे. दोन, ठरलेल्या कामांचे महिन्याकाठी. पहिल्यात वेळ स्पष्ट असते आणि काम वाढलं तर वेळही वाढते. दुसऱ्यात तिला मोकळीक मिळते. काम संपलं की ती निघू शकते.

नव्याने ठेवणाऱ्यांनी सुरुवात तासांवर करावी, असं मला वाटतं. कामावर ठरवलेल्या पगारात काम फुगत जातं. ‘जाता जाता तेवढी गॅलरी पुसून घेशील?’ ‘आज जरा कपाटावरचंही बघ ना.’ असं सांगणाऱ्याच्या मनात कपट असतंच असं नाही. पण दर आठवड्याला असं एकेक काम चिकटत गेलं, की सहा महिन्यांनी त्याच पगारात दीडपट काम होत असतं आणि कुणी कधी ‘पगार वाढवायला हवा’ असं म्हटलेलं नसतं. तिला नाही म्हणता येत नाही. नाही म्हटलं तर काम जाईल की काय, ही भीती तिच्या बाजूला असते, तुमच्या नाही. म्हणून जादा काम सांगायचं असेल तर त्याच वाक्यात त्याचे पैसेही सांगा: ‘गॅलरी पुसायची आहे, अर्धा तास जास्त लागेल, त्याचे वेगळे देईन, आज जमेल का?’ आणि ‘नाही’ हे उत्तर चालेल, हेही तिला दिसू द्या.

याचीच दुसरी बाजू. काही महिन्यांत तिचा हात बसतो. दोन तासांचं काम ती पावणेदोन तासांत, तितक्याच चोखपणे संपवते. अशा वेळी वाचलेल्या पाव तासात आणखी काही काम घालायचा मोह होतो. घालू नका. तो पाव तास तिच्या कौशल्याने कमावलेला आहे. जलद काम केल्याची शिक्षा मिळते हे एकदा कळलं, की कुठलाही शहाणा माणूस सावकाश काम करू लागतो.

तिसरी पायरी: किती द्यायचे

‘चालू दर काय आहे?’ हा प्रश्न शेजारी विचारून ठरवायची पद्धत सगळीकडे आहे. त्यातली अडचण अशी, की शेजाऱ्यानेही तो शेजाऱ्यालाच विचारलेला असतो. कामाची किंमत त्यात कुठेच मोजलेली नसते.

त्याऐवजी असा हिशेब करा. समजा ती दिवसाला चार घरं करते, प्रत्येकी दोन तास. पैसे मिळाले आठ तासांचे. पण स्वतःच्या घरून पहिल्या घरी, मग तीन वेळा एका घरून दुसऱ्या घरी आणि शेवटी परत, अशा पाच फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरी अर्ध्या तासाची धरली, तर अडीच तास. साडेदहा तास ती घराबाहेर आहे आणि पैसे आठांचेच. तुम्ही तासाला १०० दिलेत, तर तिच्या हातात तासाला ७६ पडले. त्यातून येण्याजाण्याचा खर्च गेला. एखाद्या घराने अचानक ‘आज नको’ म्हटलं, तर दोन तास फुकट, कारण तेवढ्यापुरतं दुसरं काम मिळत नाही.

तेव्हा आधी तुम्ही राहता तिथे कायद्याने किमान वेतन किती आहे आणि ते घरकामाला लागू होतं का, ते पाहा. लागू असेल तर त्याच्या खाली जाणं हा प्रश्नच नाही. लागू नसेल तरी तो आकडा तळ म्हणून धरा. त्यात प्रवासाच्या वेळेची भर घाला, पगारी सुट्ट्यांची घाला. मग स्वतःला विचारा: अशी चार घरं मिळून जेवढे पैसे होतील, तेवढ्यात एक कुटुंब महिनाभर नीट राहू शकेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर दर कमी आहे, मग शेजारी काहीही देत असो. परवडत नसेल तर तास कमी करा. रोजच्याऐवजी आठवड्यातून दोनदा बोलवा. दर कमी करू नका.

पगार पैशातच द्यायचा. जुने कपडे, उरलेलं अन्न, वापरून झालेली भांडी हे पगाराचा भाग होत नाहीत. द्यायचंच असेल तर चांगल्या स्थितीतलं द्या, ‘हवं आहे का’ असं विचारून द्या, आणि त्याचा पगारवाढीच्या बोलण्यात कधीही उल्लेख करू नका.

‘अकुशल’ काम?

पायऱ्या सोडून इथे थोडं थांबते, कारण दर इतके खाली राहतात त्याचं मूळ या समजुतीत आहे. हे काम कुणीही करू शकतं, असं मानलं जातं. शतकानुशतकं ते घरातल्या बायकांनी बिनपैशांनी केलं, त्यामुळे त्याला किंमत असते हेच डोक्यात बसत नाही.

चांगली सफाई करणारी बाई काय करते ते नीट बघा. ती वरून खाली येते, म्हणजे पंख्याची धूळ पुसलेल्या फरशीवर पडत नाही. कोरडी धूळ आधी काढते, मग पाणी लावते, नाहीतर चिखल होतो. संडासाचं फडकं ओट्याला लागू देत नाही. रुग्णालयांत यासाठी रंगांनुसार फडकी वेगळी ठेवतात. संगमरवरावर आम्ल टाकत नाही, कारण त्याने दगडाची चकाकी जाते. जंतुनाशक लावल्या लावल्या पुसून टाकत नाही, त्याला काही मिनिटं ओलं राहू देते. आणि हे सगळं दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या सवयी सांभाळत, घड्याळाकडे लक्ष ठेवून. हे ज्ञान आहे. त्याचं प्रमाणपत्र नाही म्हणून ते नसतं होत नाही.

न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशन या ब्रिटिश संस्थेने २००९ मध्ये वेगवेगळ्या व्यवसायांतून समाजाला काय मिळतं याचा हिशेब मांडला होता. रुग्णालयातल्या सफाई कामगाराला दिलेल्या प्रत्येक पौंडामागे समाजाला दहा पौंडांहून जास्त मूल्य मिळतं, असं त्यांच्या मांडणीत निघालं. त्याच्या कितीतरी आधी, १८ मार्च १९६८ रोजी, अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात संपावर गेलेल्या सफाई कामगारांपुढे मार्टिन लूथर किंग यांनी हाच मुद्दा सांगितला होता: कचरा उचलणारा माणूस डॉक्टरइतकाच महत्त्वाचा आहे, कारण त्याने काम थांबवलं तर रोगराई पसरेल. त्या संपाची मागणी पगाराची होती आणि माणूस म्हणून वागवलं जाण्याचीही होती. दोन्ही एकत्रच मागाव्या लागतात, हे मला त्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

चौथी पायरी: शोध

ओळखीतून, संस्थेतून किंवा ॲपवरून. ओळखीतून आलेली बाई बहुधा टिकते, कारण दोन्ही बाजूंची कुणीतरी माहिती दिलेली असते. मात्र शेजाऱ्याकडे काम करणाऱ्या बाईला जास्त पैशांचं सांगून गुपचूप ओढू नका. तिला मोकळी वेळ आहे का ते उघडपणे विचारा.

संस्थेकडून किंवा ॲपवरून घेणार असाल, तर एक प्रश्न हमखास विचारा: मी देतो त्या रकमेतले तिच्या हातात किती पडतात? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर दुसरी संस्था बघा. घरकामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार क्रमांक १८९ जून २०११ मध्ये मंजूर झाला आणि सप्टेंबर २०१३ पासून अमलात आला. संस्थेचं शुल्क कामगाराच्या पगारातून कापलं जाऊ नये, यासाठी सरकारांनी पावलं उचलावीत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. ओळखपत्र, पासपोर्ट अशी कागदपत्रं कामगाराकडेच राहण्याचा हक्कही त्यात आहे. तेव्हा पडताळणीसाठी कागद बघा, हवं तर तिच्या परवानगीने प्रत घ्या, मूळ कागद लगेच परत करा. सगळ्या देशांनी हा करार स्वीकारलेला नाही, पण आपल्या घरात तो पाळायला कुणाची आडकाठी नाही.

लहान मुलीला किंवा मुलाला कामावर ठेवायचं नाही. ‘तिच्या घरची परिस्थितीच तशी आहे’ हे कारणही चालणार नाही. मदत करायची असेल तर मुलीच्या आईला बरा पगार द्या.

पाचवी पायरी: पहिली भेट

बसून बोला. दोघांनीही बसून. ती दारात उभी आणि तुम्ही खुर्चीत, अशा भेटीत खरी उत्तरं मिळत नाहीत.

तिचं नाव विचारा, तिला काय म्हणून हाक मारलेली आवडेल ते विचारा. तुमच्याहून वयाने मोठी असो वा लहान, ‘तुम्ही’ने सुरुवात करा. पुढे ओळख वाढली आणि तिनेच ‘अगं’ म्हटलेलं चालेल असं सांगितलं, तर गोष्ट वेगळी. घरातली लहान मुलं तिला काय म्हणणार, तेही तुम्हीच ठरवायचं आहे.

मग संपूर्ण घर दाखवा. सर्वांत घाण कोपरा, तुंबणारं बाथरूम, प्राणी असेल तर तो, चढ-उताराचे जिने, सगळं. यादी वाचून दाखवा आणि तिला विचारा, ‘याला किती वेळ लागेल?’ तुमचा अंदाज तिच्यापेक्षा कमी असेल, तर बहुधा तिचा बरोबर असतो. आधी कुठे काम केलं, तिथल्या कुणाशी बोलता येईल का, कुठल्या वेळा जमतात, कुठलं काम जमत नाही, हे विचारा. जात, धर्म, नवरा काय करतो, मूल होणार आहे का, हे विचारू नका. कामाशी त्याचा संबंध नाही.

तिलाही विचारू द्या. घरात कोण कोण असतं, ती येईल तेव्हा घरी कोण असेल, पैसे कुठल्या तारखेला मिळतील. एखादी बाई ‘घरात एकटे पुरुष असतील तेव्हा मी येणार नाही’ असं म्हणाली, तर त्याचा राग मानू नका. तिच्या दृष्टीने ते अनोळखी घर आहे आणि दार आतून बंद होणार आहे.

दोघांनाही बघायचं असेल तर एक-दोन दिवस कामाची चाचणी घ्या, पूर्ण पैसे देऊन. फुकट चाचणी म्हणजे फुकट सफाई.

सहावी पायरी: एक पान लिहा

करारनामा म्हटलं की लोक बिचकतात. एक पान पुरे आहे. तुमचं आणि तिचं नाव, पत्ता, कामाला सुरुवात कधी, कामं कुठली, दिवस आणि वेळा, पगार किती आणि कुठल्या तारखेला, जादा तासाचा दर, आठवड्याची सुट्टी, वर्षातल्या पगारी सुट्ट्या, आजारपणाचे दिवस, काम सोडताना किंवा सोडवताना किती दिवस आधी सांगायचं, पगारवाढ कधी. दोन प्रती, दोघांच्या सह्या.

तिला वाचता येत नसेल तर शांतपणे वाचून दाखवा आणि तेच बोलून तिच्या फोनवर पाठवून द्या, म्हणजे घरी कुणाला तरी ऐकवता येईल. त्या कागदाचा खरा उपयोग आठ महिन्यांनी होतो, दोघांनाही वेगवेगळं आठवत असतं तेव्हा.

घरकाम हे इतर कामांसारखंच कायद्याच्या कक्षेत आणता येतं, हे काही देशांनी करून दाखवलं आहे. उरुग्वेने २००६ मध्ये घरकामगारांसाठी कायदा केला, आठवड्याला ४४ तासांची मर्यादा घातली, आणि करार १८९ ला सर्वांत आधी मान्यता दिली तीही त्यांनीच. बेल्जियममध्ये २००४ पासून घरसफाईसाठी सरकारी अनुदान असलेले व्हाउचर मिळतात. ते देऊन काम करून घेतलं की काम नोंदणीकृत ठरतं आणि कामगाराला सामाजिक सुरक्षा मिळते. तुम्ही राहता तिथे घरकामगारांसाठी मंडळ, नोंदणी किंवा विमा आहे का, याची चौकशी तुम्ही स्वतः करा. नोंदणीसाठी मालकाची सही लागत असेल तर ती लगेच द्या. सही दिली म्हणून अडकू, अशा भीतीने अनेक घरं टाळतात आणि बाईचा हक्काचा लाभ बुडतो.

सातवी पायरी: सामान आणि सुरक्षा

सामान तुम्ही द्यायचं. तिच्या मापाचे रबरी हातमोजे, लांब दांड्याचा मॉप आणि लांब दांड्याचा झाडू, पुरेशी फडकी. गुडघ्यांवर बसून रोज फरशी पुसणाऱ्यांच्या गुडघ्याच्या वाटीपुढे सूज येते, ती वर्षानुवर्षं छळते. ‘हाताने पुसल्याशिवाय स्वच्छ होत नाही’ असं वाटत असेल, तर तेवढा कोपरा आपण स्वतः पुसावा.

रसायनांबद्दल पहिल्याच दिवशी बोला. कपड्यांचं ब्लीच आणि संडास घासायचं आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया असलेलं काच-क्लीनर एकत्र आलं की क्लोरामाइनचे वायू. बंद बाथरूममध्ये दोन्ही जीवघेणे ठरू शकतात. ‘दोन मिसळले की जास्त स्वच्छ’ हा समज फार पसरलेला आहे, म्हणून हे स्पष्ट सांगावंच लागतं. बाटल्यांवरची भाषा तिला येत नसेल तर रंगीत पट्ट्या चिकटवा. रसायन पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नका. खिडकी उघडी ठेवा.

आणि फवाऱ्याच्या बाटल्या कमी करा. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा हजारांहून जास्त लोकांचा सुमारे वीस वर्षांचा मागोवा घेऊन २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. व्यवसाय म्हणून किंवा घरी नियमित सफाई करणाऱ्या स्त्रियांची फुप्फुसांची क्षमता, सफाई न करणाऱ्या स्त्रियांपेक्षा जलद घटत होती. बहुतेक रोजच्या कामाला पाणी, साबण आणि चांगलं फडकं पुरतं. घराला ‘वास’ यायला हवा म्हणून तिच्या छातीत रसायन घालू नये.

वरच्या मजल्यावरच्या खिडक्या बाहेरून पुसायला लावू नका. सिंगापूरमध्ये अशा कामात बायका पडून मरण पावल्यावर २०१२ मध्ये नियम झाला, की खिडकीला जाळी असून ती बंद असेल आणि कुणी मोठं माणूस देखरेखीला असेल, तरच बाहेरची बाजू पुसायला सांगता येईल. डळमळीत स्टुलावर चढून पंखा पुसणंही त्यातलंच.

अपघात झालाच तर दवाखान्याचा खर्च तुमचा, आणि बरं होईपर्यंतचा पगारही. दक्षिण आफ्रिकेत २०१२ मध्ये एक घरकामगार स्त्री कामावर असताना मालकाच्या पोहण्याच्या तलावात पडून बुडाली. कामावरच्या अपघातांच्या भरपाईचा कायदा घरकामगारांना लागू नव्हता, म्हणून तिच्या मुलीला भरपाई नाकारली गेली. मुलगी लढत राहिली, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने घरकामगारांना असं वगळणं घटनाबाह्य ठरवलं. आठ वर्षं लागली. तुमच्या घरात एवढी वाट बघायला लावायचं कारण नाही.

शेवटचं आणि फार महत्त्वाचं: तिने तुमचा संडास वापरायला हवा. जो संडास ती घासते तो तिला वापरता येत नाही, अशी घरं आहेत आणि मला ती मुळीच समजू शकत नाहीत. दिवसभर चार घरं करणाऱ्या बाईला लघवी रोखून धरावी लागते, पाणी कमी प्यावं लागतं, त्यातून मूत्रमार्गाचे आजार होतात. पहिल्याच दिवशी दाखवून सांगा, ‘हे वापरा, विचारायची गरज नाही.’ पाणी, बसायला जागा, पर्स आणि चपला ठेवायला जागाही दाखवा. वेगळा पेला, वेगळी लिफ्ट, मागचं दार, हे प्रकार जगात अनेक ठिकाणी आहेत. ब्राझीलमधल्या साओ पावलो शहराला तर १९९६ मध्ये कायदा करून सांगावं लागलं की इमारतीची लिफ्ट वापरताना भेदभाव चालणार नाही. तुमच्या इमारतीत असा नियम असेल तर सोसायटीच्या बैठकीत तुम्ही बोला. ती तिथे बोलू शकत नाही.

आठवी पायरी: महिन्यामागून महिने

पगार ठरलेल्या तारखेला, तिने न मागता. मागायला लावणं हा अपमान आहे, आणि तिचं भाडं, मुलांची फी तुमच्या आठवणीवर अवलंबून ठेवता येत नाही.

तुम्ही बाहेरगावी गेलात तर त्या दिवसांचे पैसे द्या. तुम्ही घरी नाही हा तुमचा निर्णय आहे. ती यायला तयार होती. २०२० च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने अंदाज मांडला होता, की कोविडच्या साथीमुळे जगातल्या साडेपाच कोटी घरकामगारांचं काम किंवा उत्पन्न धोक्यात आहे. दारं बंद झाली, तेव्हा काही घरांनी पगार चालू ठेवला आणि पुष्कळांनी नाही ठेवला. कुठलं घर कसं वागलं, हे त्या बायकांना पक्कं लक्षात आहे.

खाड्यांवरून सर्वांत जास्त कटुता येते. त्यावर उपाय म्हणजे पगारी सुट्ट्या आधीच ठरवणं. आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी, शिवाय वर्षभरातल्या मोजक्या रजा आणि आजारपणाचे दिवस वेगळे. सुट्टी ठरलेली असली की खोटं कारण सांगावं लागत नाही. ‘आजी वारली’ असं तिला सांगावं लागत असेल, तर खरं कारण सांगण्याची सोय तुमच्या घरात नाही, असा त्याचा अर्थ घ्या.

उचल मागितली तर जमेल तेवढी द्या, बिनव्याजी, आणि दर महिन्याला किती वळती करायची ते तिच्याशी बोलून लिहून ठेवा. पूर्ण पगार कापला जाईल अशी वळती करू नका. त्याने ती बांधली जाते.

काही फुटलं, तर पैसे कापायचे नाहीत. काम करणाऱ्या हातून वस्तू फुटतात. जी वस्तू जिवापाड आहे ती स्वतः पुसावी.

काही सापडत नसेल तर आधी स्वतः शोधा, घरातल्या सगळ्यांना विचारा, दोन दिवस जाऊ द्या. मग सरळ विचारा, ‘अमुक वस्तू दिसली का?’ जसं घरातल्या कुणालाही विचाराल तसं. संशयाचा एक शब्द इमारतभर पसरतो आणि तिची चार घरं जातात. वस्तू नंतर कपाटामागे सापडली तरी ती घरं परत मिळत नाहीत. रोख पैसे, दागिने कुलपात ठेवण्याची सवय लावून घ्या. कॅमेरा असेल तर तो कुठे आहे ते तिला सांगा. ती कपडे बदलते किंवा विश्रांती घेते तिथे कॅमेरा नको.

कामात कमी दिसलं तर त्याच दिवशी, एकट्यात, नेमकं सांगा: ‘बेसिनच्या मागे राहतंय.’ पाहुण्यांसमोर कधीच नाही. चांगलं झालं तेही नेमकं सांगा.

संकोच, आणि घरातली मुलं

काही लोकांना माणूस ठेवण्याचाच संकोच वाटतो. आपली घाण दुसऱ्याने का काढावी, ही टोचणी प्रामाणिक आहे. पण मी बघते ते असं, की हाच संकोच पैशांचं बोलणं टाळायला लावतो. अवघडलेली माणसं दर विचारत नाहीत, सुट्ट्या ठरवत नाहीत, ‘बघू, काहीतरी देऊ’ म्हणतात आणि त्यात नुकसान तिचंच होतं. घरकामाला माणूस ठेवण्यात गैर काही नाही. आजारी आहात, नोकरीचे तास लांब आहेत, लहान मूल आहे, किंवा नुसतं आवडत नाही, कुठलंही कारण पुरेसं आहे. स्वस्तात ठेवण्याला मात्र कारण पुरेसं नाही.

मुलांना आपापला पसारा, आपापलं ताट, ओले टॉवेल स्वतः उचलायला लावा. ‘मावशी करतील’ हे वाक्य घरात ऐकू आलं तर तिथेच थांबवा. आणि ‘अभ्यास कर नाहीतर झाडू मारावा लागेल’ असं मुलाला कधीही सांगू नका, ती समोर असो वा नसो. ती फरशी पुसत असताना मूल तिच्या समोरून चपला घालून जात असेल, तर ते हेच वाक्य शिकलेलं असतं.

नववी पायरी: काम थांबवताना

बदली झाली, पैसे कमी पडले, जमलं नाही, काहीही कारण असो, ठरलेल्या मुदतीआधी सांगा, निदान एक महिना. तेवढा वेळ देता येत नसेल तर तेवढ्या दिवसांचा पगार द्या. फोनवर निरोप नको, दुसऱ्याकरवी तर नकोच. समोर बसून सांगा. न घेतलेल्या पगारी सुट्ट्या, राहिलेले जादा तास, काही वर्षं काम केलं असेल तर त्यामागची एक ठोक रक्कम, असा पूर्ण हिशेब लिहून तिला दाखवा. शिल्लक उचल शेवटच्या पगारातून एकदम कापू नका. हप्ते ठरवा किंवा सोडून द्या.

तिने काम सोडलं तर कारण विचारा, पण उत्तरासाठी अडवू नका. केलेल्या दिवसांचे पैसे त्याच दिवशी द्या, रोखून धरू नका.

जाताना ओळखीचं पत्र द्या: किती काळ काम केलं, कुठलं काम, तुमचा अनुभव, आणि तिच्या पुढच्या मालकाने विचारलं तर बोलायला तुम्ही तयार आहात हे. त्याखाली सही, तारीख आणि तुमचा फोन नंबर. तोच मजकूर तिच्या फोनवरही पाठवा. तुमच्या ओळखीत कुणाला गरज असेल तर तिचं नाव तिला विचारून सुचवा, आणि त्यांनी दर विचारला तर तुम्ही देत होता तो शेवटचा दर सांगा, सुरुवातीचा नाही.